पेंटियम की आय-३? कासूतल्या दुकानाचा एक दिवस

सकाळी साडेआठ. शटर वर केलं की हातात आधी फडकं येतं. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, त्याचा पळस्पे ते कासू हा एक टप्पा आणि कासू ते इंदापूर हा दुसरा. दोन्ही टप्प्यांची धूळ आमच्या वाट्याला येते. टेबलावरची पुसता येते, कॅबिनेटच्या आत गेलेली मात्र पंख्याला आणि हीटसिंकला चिकटून बसते. माझ्याकडे ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ म्हणून जी यंत्रं येतात, त्यांतल्या बऱ्याच यंत्रांचा आजार इथेच सापडतो. म्हणून ब्लोअर हे माझं पहिलं हत्यार.

सव्वानऊ. नागोठण्याच्या बाजूला सेवा केंद्र चालवणाऱ्या ताई रिक्षातून कॅबिनेट घेऊन उतरल्या. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज ही त्यांची कामं. ब्राउझरच्या दहा-बारा टॅब, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच वेळी चालू असतं. दारात लोक उभे असताना मशीन हँग झालं की सगळा राग ताईंवर निघतो. जुना पेंटियम जी-६३० कमी पडतो म्हणून त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून पेंटियम जी-२०३० विकत घेतला होता.

“दादा, जनरेशन पुढची आहे म्हणाले. पण घातला तर डिस्प्लेच येत नाही. खराब दिला का मला?”

खराब नव्हता. ताईंचा बोर्ड एच-६१ चिपसेटचा, इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या काळातला. जी-२०३० तिसऱ्या पिढीचा. दोघांचं सॉकेट एकच, ११५५, त्यामुळे चिप बरोबर बसते. पण जुन्या बायोसला ती ओळखता येत नाही आणि पडदा काळाच राहतो. उपाय म्हणजे जुना प्रोसेसर परत बसवायचा, त्याच्यावर बायोस अपडेट करायचं आणि मग नवा घालायचा. हे चालू असताना लाइट गेली तर बोर्डच जायची भीती, म्हणून पावसाळ्यात मी यूपीएसशिवाय हे काम हातात घेत नाही. पण त्याआधी एक प्रश्न सोडवायचा होता: एवढा खटाटोप करण्याइतका जी-२०३० ताईंच्या कामाचा आहे का?

दहा. माझ्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कोअर आय-३ २१०० होता. जुन्या बाजारात त्याला पेंटियमपेक्षा थोडेच पैसे जास्त पडतात. नवे होते तेव्हा इंटेलच्या दरपत्रकात एक ११७ डॉलरचा आणि दुसरा ६४ डॉलरचा. वयाबरोबर ही दरी बुजत आली आहे, आणि जुनं घेणाऱ्याचा फायदा नेमका तिथेच आहे.

कागदावर पाहिलं तर गोंधळ व्हावा असेच हे दोघे आहेत. आय-३ २१०० हा २०११ चा, ३२ नॅनोमीटरचा, ३.१ गिगाहर्ट्‌झ, ६५ वॅट. जी-२०३० हा २०१३ चा, २२ नॅनोमीटरचा, ३ गिगाहर्ट्‌झ, ५५ वॅट. कोर दोघांनाही दोनच, कॅशही दोघांना ३ एमबी. पेंटियम दोन वर्षांनी लहान आणि तब्येतीने थंड. दुकानदार एवढंच सांगतो आणि गिऱ्हाईक पटकन पैसे काढतं.

न सांगितलेली गोष्ट आहे हायपर-थ्रेडिंग. आय-३ चा प्रत्येक कोर एका वेळी दोन कामांच्या रांगा सांभाळतो. एक रांग मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत अडकली, तर तोच कोर तेवढ्या वेळात दुसरी रांग पुढे सरकवतो. टास्क मॅनेजरमध्ये म्हणूनच चार चौकटी दिसतात. काही विक्रेते त्या दाखवून ‘चार कोरचा आहे’ म्हणतात, ते साफ खोटं. दोन कोरचे चार होत नाहीत, रिकामा जाणारा वेळ वापरात येतो एवढंच. पेंटियममध्ये ही सोय नाही. शिवाय इंटेलने त्यातून एव्हीएक्स ही सूचनांची जोडही काढून घेतली, त्यामुळे व्हिडिओ-फोटोची काही नवी सॉफ्टवेअर त्याच्यावर उघडतच नाहीत. दोन वर्षं जुन्या आय-३ मध्ये ती आहे.

तरीही तोंडी हिशोबावर मी प्रोसेसर विकत नाही. माझा चाचणीचा बोर्डही एच-६१ चाच, बायोस आधीच नवं केलेलं. रॅम तीच ८ जीबी, एसएसडी तीच, विंडोज तेच. बदलायचा फक्त प्रोसेसर. दोन्हींची तुलना करताना आणखी काही बदललं तर त्या तुलनेला अर्थ उरत नाही. सॉकेट उघडताना हात हलका ठेवावा लागतो, कारण ११५५ मध्ये पिना चिपला नसतात, बोर्डावर असतात, आणि एक पिन वाकली तरी बोर्ड गेला.

साडेअकरा. सेव्हन-झिपची चाचणी आधी एका थ्रेडवर लावली. दोघे जवळजवळ बरोबरीत. पेंटियमचा कोर नवा आहे, आय-३ ची गती किंचित जास्त. एकाचं उणं दुसऱ्यात भरून निघतं. मग सगळे थ्रेड लावले आणि आय-३ सरळ पुढे गेला. नंतर ताईंच्या दिवसाची नक्कल केली: दहा टॅब, एक मोठी पीडीएफ, स्कॅनर चालू, बाजूला यूट्यूबवर प्रशिक्षणाचा व्हिडिओ. यूट्यूब बऱ्याचदा व्हीपी-९ मध्ये व्हिडिओ पाठवतं, आणि तो उलगडणारी यंत्रणा या दोघांच्याही ग्राफिक्समध्ये नाही, म्हणजे सगळा भार कोरवर. पेंटियम शंभर टक्क्यांना जाऊन तिथेच अडकला, माऊसही ओढल्यासारखा चालू लागला. आय-३ वरही भार चढला, पण टॅब बदलल्यावर पान लगेच समोर येत होतं.

विजेचा हिशोबही मांडला. १० वॅटचा पूर्ण फरक धरला, रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस, तरी वर्षाला २४ युनिट. खरा फरक याहून कमी, कारण यंत्र सतत पूर्ण जोरावर चालत नाही.

दुपारी एक. लाइट गेली. डबा खाल्ला.

अडीच. हमरापूरहून मूर्तीच्या कारखान्याचे काका आले. त्यांच्या मशीनमध्ये आधीपासूनच जी-२०३० आहे. “तासाभरात आपोआप बंद होतो रे. आय-३ टाकून दे.” कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये प्लॅस्टरचा पांढरा थर पक्का बसलेला. हवाच जात नव्हती. प्रोसेसर तापायचा आणि स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करायचा. थर काढला, पेस्ट नवी लावली, तासभर भार देऊन पाहिलं, बंद झालं नाही. काकांचं काम टॅली, बिलं आणि ऑर्डरचे फोटो. त्याला हा पेंटियम पुरतो. आय-३ चे पैसे घेतले असते तर ते हक्काचे नसते. हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, एवढंच सांगितलं, आणि काकांनी ते लगेच मान्य केलं.

चार. ताईंच्या बोर्डावर आय-३ बसवला. दुसऱ्या पिढीचाच असल्यामुळे बायोसला हात न लावता पहिल्याच बटणाला डिस्प्ले आला. चार जीबीच्या दोन कांड्या दोन्ही खाचांत घातल्या. ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, म्हणून ८ जीबीच्या एका कांडीपेक्षा ही जोडी बरी. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. एच-६१ चा साटा जुना, ३ गिगाबिटचा, एसएसडीचा पूर्ण वेग तिथे मिळत नाही. तरी डिस्कची सुई जागा शोधत फिरायची तो वेळ वाचतो, आणि ताईंना रोज खुपत होता तो हाच वेळ.

एक गोष्ट मात्र त्यांना स्पष्ट सांगितली. विंडोज ११ या दोन्ही प्रोसेसरना अधिकृतपणे चालत नाही. त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि घरगुती ग्राहकांची वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. लोकांचे आधार नंबर जिथे हाताळले जातात, तिथे त्यापुढे हे मशीन वापरू नये. आजचा खर्च नवं मशीन घेईपर्यंतची सोय आहे, असं समजूनच करावा.

सहा. ताईंचा जी-२०३० त्यांनी माझ्याकडेच विकला. तो शेजारच्या कॉलेजातल्या मुलाच्या मशीनमध्ये गेला, लिनक्स मिंटसह. टायपिंग, इंटरनेट आणि प्रोग्रामिंगचे पहिले धडे यांना तो अजून काही वर्षं चालेल.

रात्री आठ. कासूच्या आसपास कुणाकडे ११५५ चा जुना बोर्ड असेल तर माझं सांगणं असं: आधी साफसफाई, मग एसएसडी, मग ८ जीबी रॅम. त्यानंतरही अडत असेल तर आय-३ २१०० घ्या. जी-२०३० आधीच बसलेला असेल आणि काम एका वेळी एकच असेल, तर तो काढू नका. आणि जुना प्रोसेसर घ्यायच्या आधी बोर्डाचा फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.