हिरड्यांतून रक्त येतंय? चूळ कोणती भरावी?

दात घासताना थुंकीत लाल छटा दिसली की आपल्या घरात दोन सल्ले हमखास मिळतात. दादी-नानी म्हणतात, "लवंग-हळदीच्या गुळण्या कर." तरुण मुलं मेडिकलमधून माउथवॉशची बाटली घेऊन येतात. यात बरं कोणतं, हे ठरवण्याआधी रक्त का येतं ते पाहू.

दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे जंतूंचा चिकट थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. १९६५ साली डेन्मार्कमधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या बऱ्या झाल्या. म्हणजे सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. दुर्लक्ष केलं तर मात्र दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, आणि ते झिजलेलं हाड सहसा पूर्ववत होत नाही.

आता औषधी माउथवॉश पाहू. डॉक्टर बहुतेक वेळा क्लोरहेक्सिडिन लिहून देतात. ते दातांना आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहतं आणि कित्येक तास काम करतं. म्हणूनच ते दिवसातून दोनदा पुरतं. २०१७ साली ५१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. ब्रशच्या जोडीला हे वापरल्यास प्लाक बराच कमी होतो, पण सौम्य सूज थोडीच कमी होते, असं त्यात दिसलं. चार आठवड्यांपेक्षा जास्त वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात. जिभेची चवही काही काळ बिघडते. त्यामुळे डॉक्टर सांगतील तितकेच दिवस ते वापरावं. टूथपेस्टमधल्या काही घटकांमुळे त्याचा असर कमी होतो, म्हणून ब्रश आणि या औषधात अर्ध्या तासाचं अंतर ठेवावं.

हर्बल माउथवॉशमध्ये कडुनिंब, तुळस, लवंग, त्रिफळा असे घटक असतात. भारतात झालेल्या काही छोट्या अभ्यासांत त्रिफळ्याच्या चुळीने क्लोरहेक्सिडिनच्या जवळपास फायदा दिसला, आणि डागांचा त्रास नव्हता. मात्र हे अभ्यास थोड्याच दिवसांचे होते. शिवाय घरी उकळलेला काढा रोज सारख्याच ताकदीचा होत नाही. तो ताजा करून त्याच दिवशी संपवावा. लवंगेचं तेल तर नुसतं हिरडीला लावूच नये, त्याने आग होते.

एक मजेशीर गोष्ट सांगते. आपल्या ओव्याला ज्याच्यामुळे वास असतो ते थायमॉल बाजारातल्या काही नामांकित माउथवॉशमध्येही असतं. म्हणजे 'जडीबुटी' आणि 'औषध' यांच्यामधली भिंत वाटते तितकी उंच नाही.

अनेक वाचक भगिनी अल्कोहोलबद्दल विचारतात. काही माउथवॉशमध्ये ते असतं आणि त्याने तोंड कोरडंही पडतं. अल्कोहोल नसलेले माउथवॉश सहज मिळतात. बाटलीवरचे घटक वाचून घ्या. रमजानमध्ये सहेरीच्या आधी आणि इफ्तारनंतर अशा दोन वेळा चूळ भरता येते, फक्त डॉक्टरांना रोज्याची कल्पना द्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. चूळ कोणतीही असो, दगडासारखं घट्ट झालेलं टार्टर ती काढू शकत नाही आणि हिरडीखालच्या खोल खाचेत पोहोचत नाही. ते काम दंतवैद्याच्या स्केलिंगचं आहे. स्केलिंगने दात हलतात हा गैरसमज आहे. टार्टर निघाल्यावर आधीच सैल झालेला दात जाणवतो, इतकंच. रोजचं काम ब्रशचं. मिस्वाकही चांगलं आहे, पण टोक मऊ चावून, हिरडीच्या कडेने हळुवार फिरवलं पाहिजे. आतल्या बाजूचे दात विसरू नयेत.

मिशेरी आणि तंबाखू आधी सोडा. धूम्रपान करणाऱ्यांत तर रोग वाढत असूनही रक्त कमी येतं, त्यामुळे तो लक्षातच येत नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर हिरड्यांची विशेष काळजी घ्या. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. सहा वर्षांखालील मुलांना माउथवॉश देऊ नका, ती गिळून टाकतात.

नीट घासूनही दोन आठवडे रक्त येत राहिलं, दात हलू लागला किंवा पू दिसला, तर नवी बाटली आणू नका. दंतवैद्याकडे जा.