संगणक एक, हार्ड डिस्क दोन

जुने ईसीजी यंत्र नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून काही दवाखान्यांत एकाच संगणकात आलटून पालटून दोन हार्ड डिस्क लावतात. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो. त्यामुळे तीच आवृत्ती दुसऱ्या डिस्कवर टाकली तरी बहुधा आपोआप सक्रिय होते. सक्रिय झाली म्हणजे परवानगी मिळाली, असे मात्र नव्हे. करारानुसार एका परवान्यावर एकच प्रत. दुसरीसाठी दुसरा परवाना. लिनक्सला ही अडचण नाही. डॉक्टरांनी अधिक काळजी करावी ती कपाटातल्या डिस्कची. तिला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, आणि रुग्णांची नावे, अहवाल तिच्यावर तसेच असतात. खिशात घालून कोणीही नेऊ शकेल. ती एन्क्रिप्ट करून कुलपात ठेवावी.