इटालियन पाककला : नाव, प्रांत आणि प्रसार

दिनांक १० डिसेंबर २०२५ रोजी दिल्ली येथे भरलेल्या युनेस्कोच्या समितीने इटालियन पाककलेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत केला. दीपावलीची नोंदही याच सभेतील. जागतिक खाद्यव्यवहारात अलीकडे दिसू लागलेल्या एका प्रवृत्तीचे हे ताजे उदाहरण होय. मेक्सिकोची पारंपरिक पाककला आणि फ्रेंचांचा भोजनविधी यांना २०१० मध्ये, तर जपानच्या ‘वाशोकु’ला २०१३ मध्ये या सूचीत स्थान मिळाले होते. पदार्थ जसजसे सर्व देशांचे होत चालले, तसतशी त्यांच्या मूळ नावांशी आपला संबंध जाहीरपणे सांगण्याची निकड राष्ट्रांना भासू लागली. परंतु ‘इटालियन पाककला’ या नावाने नेमका कशाचा बोध व्हावा?

इटलीचे राजकीय एकीकरण १८६१ मध्ये झाले. त्या वेळी इटालियन ही प्रमाणभाषा बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण तूल्लिओ दे माउरो यांच्या मते लोकसंख्येच्या अवघे अडीच टक्के होते. आर्रीगो कास्तेल्लानी यांनी ते दहा टक्क्यांच्या जवळपास नेले. कोणताही आकडा मान्य केला, तरी बहुसंख्य जन आपापली बोलीच बोलत होते, एवढे निश्चित. स्वयंपाकाचीही स्थिती निराळी नव्हती. एकच पदार्थ प्रांतोप्रांती भिन्न नावांनी ओळखला जाई, आणि एकाच नावाखाली भिन्न पदार्थ शिजत. प्रतिष्ठितांच्या मुदपाकखान्यात तर फ्रेंच परिभाषेचे राज्य होते.

या पार्श्वभूमीवर पेल्लेग्रीनो आर्तुसी या निवृत्त व्यापाऱ्याने १८९१ मध्ये फ्लॉरेन्स येथे आपला पाकग्रंथ स्वखर्चाने प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या; वाचकांशी सतत पत्रव्यवहार करीत आर्तुसीने पुढील आवृत्त्यांतून त्यांची संख्या ७९० वर नेली. आर्तुसी हा मूळचा रोमान्या प्रांतातील, पण फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेला. फ्रेंच संज्ञा जमेल तेथे टाळून त्याने घरगुती, तोस्कान वळणाची इटालियन योजिली. मान्झोनीच्या कादंबरीने राष्ट्रीय ऐक्यासाठी जे केले, त्याहून अधिक आर्तुसीच्या ग्रंथाने केले, असे मत पिएरो काम्पोरेसी यांनी १९७० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मांडले. त्यात अतिशयोक्तीचा अंश आहे हे मान्य केले, तरी त्यातील तथ्य नाकारता येत नाही. मात्र या ग्रंथाचे केंद्र रोमान्या आणि तोस्काना हेच राहिले. दक्षिणेकडील स्वयंपाकाला त्यात फारच थोडी जागा मिळाली, ही त्याची मोठी मर्यादा होय.

आणि नेमकी दक्षिणच जगभर गेली. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी इटली सोडली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांत दक्षिणेकडील गरीब शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. त्यांनी बरोबर नेली ती आर्तुसीची भाषा नव्हे, तर नापोली आणि सिसिली येथील बोली. अमेरिकेतील त्यांच्या वंशजांच्या तोंडी ‘रिकोत्ता’चा ‘रिगॉट’ झालेला आढळतो. अंत्य स्वर क्षीण होणे आणि स्वरमध्यस्थ ‘क’चा ‘ग’कडे कल असणे ही दक्षिणी बोलींची लक्षणे त्यात टिकून आहेत. प्रमाणभाषेच्या दृष्टीने अशुद्ध ठरणारे हे उच्चार भाषेतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान साधन होत.

इंग्रजीत शिरलेल्या शब्दांच्या अर्थांतही पालट झाले. इटलीत ‘पेपेरोनी’ म्हणजे भोपळी मिरच्या. अमेरिकेत तेच नाव तिखट सॉसेजला मिळाले. ‘लात्ते’ म्हणजे केवळ दूध. जगभरच्या उपाहारगृहांत ती दूधमिश्रित कॉफी झाली. ‘पानीनी’ हे ‘पानीनो’चे अनेकवचन, इंग्रजीने ते एकवचन मानले आणि त्यास पुन्हा आपला अनेकवचनी प्रत्यय जोडला. ग्राहक भाषेने आगत शब्दाची अंतर्गत रचना न ओळखता तो अखंड स्वीकारावा, ही सर्वत्र आढळणारी प्रक्रिया आहे.

भाषेला जे सहज, ते विधीला सहज नसते. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये उगमस्थानदर्शक नावांना संरक्षण देणारा नियम केला. ‘पार्मेझान’ हे आता सामान्यनाम झाले आहे, असा जर्मनीचा युक्तिवाद होता. हे नाव ‘पार्मिज्यानो रेज्यानो’ या संरक्षित नावाची आठवण जागवते, असे युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये ठरविले. अमेरिकेत मात्र ते सामान्यनामच आहे. शब्दार्थ रूढीने ठरतो, हे भाषाशास्त्राचे प्राथमिक तत्त्व. परंतु एमिल्यातील गोपालकाची उपजीविका ज्या नावावर अवलंबून आहे, त्याला या तत्त्वाने समाधान कसे मिळावे?

दुसऱ्या बाजूने पार्मा विद्यापीठातील इतिहासकार आल्बेर्तो ग्रांदी यांनी २०१८ मधील आपल्या ग्रंथात, प्राचीन म्हणून मिरविल्या जाणाऱ्या अनेक इटालियन खाद्यपरंपरा अर्वाचीन असल्याचे प्रतिपादिले आणि मोठा रोष ओढवून घेतला. ‘कार्बोनारा’चे लेखी उल्लेख दुसऱ्या महायुद्धानंतरचेच सापडतात, ही गोष्ट त्यांच्या बाजूने जाते. तथापि शब्द किंवा पदार्थ अर्वाचीन असणे म्हणजे खोटा असणे नव्हे; हा भेद या वादात अनेकदा निसटतो. पेडमॉन्टमधील ब्रा या गावाशी निगडित, स्थानिक अन्नाच्या रक्षणासाठी १९८० नंतर उभ्या राहिलेल्या चळवळीनेही स्वतःसाठी ‘स्लो फूड’ हे इंग्रजी नाव निवडले, यातील विसंगती मनोरंजक आहे.

मराठीत आलेल्या शब्दांची गतही अभ्यसनीय आहे. ‘पीत्सा’ आणि ‘पास्ता’ हे दोन्ही शब्द इटालियनमध्ये स्त्रीलिंगी आहेत. मराठीत मात्र अंत्य ‘आ’मुळे ते ‘घोडा’, ‘आंबा’ यांच्या पंक्तीत बसून पुल्लिंगी झाले. ‘पिझ्झे मागविले’, ‘पास्त्यात मीठ कमी आहे’ ही रूपे आज सहज कानी पडतात. उलट ‘स्पागेत्ती’ हे पुल्लिंगी अनेकवचन मराठीच्या स्वयंपाकघरात अंत्य ‘ई’च्या बळावर स्त्रीलिंगी एकवचन होऊन शिजते.