पान गडचिरोलीचं, बोटं सिन्नरची

नाशिकहून पुण्याला जाताना सिन्नर हल्ली बाहेरवळणावरूनच मागे पडतं. कुणाला माळेगाव-मुसळगावचे कारखाने माहीत असतात, हौशी लोकांना गोंदेश्वराचं यादवकालीन देऊळ. या दोन सिन्नरांच्या मध्ये आणखी एक सिन्नर होतं, विडीचं. त्याची पाटी कुठे लागलेली नाही. ते बघायचं तर जुन्या गावातल्या एखाद्या ओट्यावर, साठी ओलांडलेल्या बाईशेजारी बसावं लागतं.

मी बसले होते त्या मावशींची पानं आदल्या रात्रीच भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली होती. कोरडं पान मोडतं, फार ओलं राहिलं तर विडीला बुरशी येते. गोणपाट किती पिळायचं ते हातालाच कळतं. पानावर पत्र्याचा चौकोनी तुकडा ठेवून कडेने कात्री फिरते. जाड शीर टाळायची, पण पान वाया घालवायचं नाही. कारण पानं तोलून मिळतात, विड्या मोजून द्याव्या लागतात, आणि मधली तूट बाईच्या पदरात पडते. मग मांडीवर सूप. त्यात एका बाजूला कातरलेली पानं, दुसऱ्या बाजूला तंबाखू. चिमूटभर तंबाखू पानावर आडवी पसरली जाते, अंगठे एका कोपऱ्यातून पुढे सरकतात आणि पान तिरकं गुंडाळत जातं. एक टोक निमुळतं, दुसरं रुंद. रुंद तोंड नखाने आत दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, विडी सुपात. हे सगळं मी वहीत उतरवेपर्यंत त्यांच्या चार-पाच विड्या झाल्याही. सैल वळली तर विझते, घट्ट वळली तर ओढली जात नाही. मावशींनी स्वतः कधी विडी ओढलेली नाही. नेमकी किती घट्ट, ते त्या दाबून सांगतात.

पान गोंदिया-गडचिरोलीकडच्या जंगलातलं, उन्हाळ्यात तोडून वाळवलेलं. तंबाखू निपाणीकडची, नाहीतर गुजरातेतली. मग यात सिन्नरचं काय? तर बोटं. सह्याद्रीचा पाऊस इगतपुरीत कोसळून रिकामा होतो, सिन्नरच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. शेतात काम नसलेल्या महिन्यांत घरबसल्या पैसा देणारं दुसरं काही नव्हतं. कारखानदारांनी हे ओळखलं होतं, आणि कामगारांनीही आपला दर ओळखायला फार वेळ लावला नाही. सिन्नरचे विडी कारखानदार भिकुसा यमासा क्षत्रिय आणि संगमनेर-अकोले तालुक्याची विडी कामगार युनियन यांच्यातला किमान वेतनाचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निकाल १९६२ चा.

मावशींना तो खटला ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ती छाट. हजार विड्या नेऊन दिल्या की तपासणारा त्यातल्या काही ‘वाईट’ म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. “बाजूला काढलेल्या जाळत थोड्याच असतील?” मावशी विचारतात. छाटीला आवर घालणारी सरकारी कलमं गोंदियाच्या व्यापाऱ्यांनी १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून रद्द करून घेतली होती. किमान वेतन कायद्यात ती बसत नाहीत, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. पुढे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने छाटीच्या तंट्याला जागा दिली आणि घरी बसून वळणारी बाईही कामगार ठरली. माझ्या मते या धंद्यातली सर्वांत मोठी गोष्ट तीच. त्याआधी ती कुणाच्याच हजेरीपटावर नव्हती.

विडी-उपकराच्या १९७६ च्या कायद्यामुळे कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या असं काही ना काही चालत आलं. जीएसटी आला त्या २०१७ साली तो उपकरही गेला.

विडीचं सिन्नर पुसलं जातंय याचं मला सरसकट वाईट वाटत नाही. तंबाखूच्या धुळीने मावशी बोलता बोलता खोकतात, मान वर करताना हात कमरेवर जातो. सून माळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, कंपनीची बस दाराशी येते. तिला विड्या वळता येतात का, असं मी विचारलं.

“नाही. मीच शिकवलं नाही,” मावशी म्हणाल्या. “शिकवलं असतं तर बसली असती इथंच.”