'रात्रीच्या पहाऱ्या'तले ऊन

वस्तुसंग्रहालयात एका चित्रासमोर तुम्ही किती वेळ उभे राहता? चित्राखालची पाटी वाचायची, वर एक नजर टाकायची आणि पुढे सरकायचे, ही आपली नेहमीची रीत. परंतु चित्र पाहणे हेही निरीक्षणच आहे. प्रयोगशाळेत आपण जे निरीक्षण करतो त्यापेक्षा ते फारसे वेगळे नाही. पाटीवरच विसंबून राहिले तर केवढी फसगत होते, हे एका जगप्रसिद्ध चित्राच्या उदाहरणावरून पाहू.

हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरी राइक्सम्युझियम नावाचे मोठे वस्तुसंग्रहालय आहे. रेम्ब्रांट (१६०६–१६६९) या थोर चित्रकाराने १६४२ साली पूर्ण केलेले एक भव्य तैलचित्र तेथे आहे. आज ते सुमारे ३.८ मीटर उंच व ४.५ मीटर रुंद आहे. कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉक आणि त्याचा लेफ्टनंट नगररक्षकांच्या तुकडीला घेऊन निघाले आहेत, असा त्याचा विषय. साऱ्या जगात हे चित्र 'रात्रीचा पहारा' या नावाने ओळखले जाते. हे नाव मात्र रेम्ब्रांटने दिलेले नाही. ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे चित्रकाराच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी रूढ झाले.

सावली काय सांगते?

चित्रात खरोखर रात्र आहे का? कॅप्टनने आपला डावा हात पुढे केला आहे. त्या हाताची ठळक सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडली आहे. सावली नेहमी प्रकाशाच्या विरुद्ध बाजूस पडते. म्हणजे प्रकाश आपल्या डावीकडून आणि वरून येतो आहे. एवढ्यावरून ते ऊनच आहे, असे सिद्ध होत नाही, कारण उंच टांगलेला दिवाही अशी सावली पाडील. पण चित्र बारकाईने पाहा : दिवा नाही, मशाल नाही. मागे मोठी कमान आहे. तिच्या अंधारातून माणसे उजेडात येत आहेत. तेव्हा ही वेळ दिवसाची आहे, हाच निष्कर्ष अधिक सयुक्तिक ठरतो.

मग लोकांना रात्र का वाटली? याचे उत्तर रंगांवरच्या एका पातळ थरात आहे.

रोगणाची करामत

पावसात भिजलेली शहाबादी फरशी तुम्ही पाहिली असेल. कोरडी असताना ती फिकट व धुरकट दिसते, ओली झाली की गडद होते. कोरड्या पृष्ठभागाच्या बारीक खडबडीवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व रंगात पांढरेपणा मिसळतो. पाणी ही खडबड भरून काढते, विखुरणे कमी होते आणि मूळ रंग खुलतो. तैलचित्रावर रोगण, म्हणजे सुताराच्या भाषेत व्हार्निश, लावतात त्याचे एक कारण हेच. शिवाय धुळीपासून रंगांचे रक्षण होते.

पण नैसर्गिक राळेचे रोगण हवा व प्रकाश यांमुळे कालांतराने पिवळे, मग तपकिरी होते. पिवळा थर निळा प्रकाश शोषून घेतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा : प्रकाशाला हा थर दोनदा ओलांडावा लागतो, एकदा आत जाताना व एकदा परावर्तित होऊन बाहेर येताना. समजा, थरातून एका वेळी ६० टक्के निळा प्रकाश पार जातो. तर परत येईपर्यंत ६० टक्क्यांचे ६० टक्के, म्हणजे केवळ ३६ टक्केच उरतो. त्यात धूळ व काजळी मिसळली की दिवसाची रात्र व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ साली, तज्ज्ञांनी या चित्रावरचे जुने काळवंडलेले थर काढले तेव्हा चित्र कितीतरी उजळले. मागची कमान अंधारी राहिली. तो अंधार रोगणाचा नसून रेम्ब्रांटने मुद्दाम रंगवलेला आहे. काळाने आणलेला अंधार आणि कलावंताने योजलेला अंधार यांतला फरक ओळखणे, हेच रसिकाचे व शास्त्रज्ञाचे समान काम आहे.

रंगांच्या खाली

डोळ्यांना जे दिसत नाही ते इतर किरणांना दिसते. तैलचित्रातला पांढरा सफेदा हे शिशाचे संयुग आहे. शिशाचा अणुक्रमांक ८२ असल्याने ते क्ष-किरण फार शोषते. त्यामुळे क्ष-किरणचित्रात सफेद्याचे फटकारे स्पष्ट उमटतात. दुसरी पद्धत अशी : क्ष-किरण पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकते. ते मोजून कोणते मूलद्रव्य कोठे आहे याचा नकाशा काढता येतो.

या चित्राची अशी कसून तपासणी २०१९ साली, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, काचेच्या दालनात सुरू झाली. कॅल्शियमच्या नकाशात रंगांखाली खडूमिश्रित रंगाने काढलेले कच्चे रेखाटन सापडले. एका शिपायाच्या शिरस्त्राणावर आधी पिसे रंगवली होती व नंतर ती झाकली, हेही कळले. एवढा मोठा कलावंतसुद्धा मनासारखे जमेपर्यंत खाडाखोड करीत होता!

उपकरणांना न कळणारे

मात्र सारे काही किरणांनी कळत नाही. १७१५ साली हे चित्र नगरभवनात हलवले तेव्हा तेथल्या भिंतीवर मावेना, म्हणून चारी बाजूंनी चक्क कापले! डावीकडची सुमारे ६० सेंटिमीटरची पट्टी गेली, तीवरची माणसेही गेली. ते तुकडे आजतागायत मिळालेले नाहीत. मग मूळ चित्र कसे होते, हे कसे समजले? गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने सतराव्या शतकातच, कापण्यापूर्वी, त्याची लहान प्रत काढली होती. तीवरून दिसते की कॅप्टन व लेफ्टनंट मुळात मध्यभागी नव्हते, उजवीकडे होते. त्यामुळे तुकडी डावीकडे चालू लागल्याचा भास अधिक होई. कापल्यावर ते मधोमध आले आणि चित्राची गती मंदावली. चित्राचा तोल म्हणजे काय, हे यावरून समजते. येथे मदतीस आला तो इतिहास.

अजिंठ्याचा धडा

आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही रोगणाने असाच घोटाळा केला आहे. एकोणिसाव्या शतकात या भित्तिचित्रांच्या नकला काढताना ती उजळ दिसावीत म्हणून त्यांवर रोगण चढवले गेले. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले, पण लाखेचे रोगणही लावले. तेही पिवळे पडले. हेतू रक्षणाचाच होता, परंतु अफगाणिस्तानातून आलेल्या मौल्यवान लाजवर्दी दगडाचा निळा रंग त्याखाली मंदावला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना हे थर काढण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले. हे काम भारी जोखमीचे आहे, कारण रोगण पुन्हा लावता येते, पण त्याबरोबर निघालेला दीड हजार वर्षांपूर्वीचा रंग परत लावता येत नाही. म्हणून आता पुढे सहज काढता येईल असेच द्रव्य वापरावे, असा दंडक संरक्षक पाळतात.

तुम्ही काय कराल?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील युरोपीय तैलचित्रे आहेत. सातारा जिल्ह्यात औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयातही उत्तम चित्रे पाहायला मिळतात. तेथे गेल्यावर एकच चित्र निवडा आणि पाटी न वाचता दहा मिनिटे त्यासमोर थांबा. सावल्या पाहून प्रकाशाची दिशा ठरवा. किंचित बाजूला सरकून पृष्ठभागावरची चमक व तडे पाहा. पांढरा रंग खरोखर पांढरा आहे की पिवळट, ते ताडा. नजर आधी कोठे जाते व का, हे वहीत लिहा. मग पाटी वाचा आणि चित्रकाराचा काळ समजून घ्या.

घरी एक सोपा प्रयोगही करता येईल. एका रंगीत चित्रावर पिवळ्या जिलेटिन कागदाचा एक तुकडा ठेवा, मग दुसरा, मग तिसरा. निळे आकाश कसे हिरवट व मग काळसर होते ते पाहा आणि दर वेळी प्रकाश किती थर ओलांडतो ते मोजा. तीन कागदांचे उत्तर तीन नाही, सहा आहे!