देशानं सोनं गहाण ठेवलं तेव्हा

'आर्थिक संकट' हा शब्द बातम्यांत आपण वरचेवर ऐकतो. पण पैशाची चणचण वेगळी आणि संकट वेगळं. आज तो फरक समजून घेऊ.

घरात पैसे कमी पडले तर आपण काटकसर करतो, बहिणीकडून उसने घेतो, दुकानदार वहीवर माल देतो. ही झाली चणचण. पण हप्त्याची तारीख आली, दुकानदारानं उधारी बंद केली आणि उसने दिलेलेही 'आजच परत कर' म्हणू लागले, तर? दारात म्हैस आहे, शेत आहे, पण हातात रोकड नाही. हे संकट.

देशावरही अशी वेळ येते. १९९१ साली आपल्यावर आली होती. सरकारचा खर्च कितीतरी वर्षं मिळकतीपेक्षा जास्त होता. बाहेरचं कर्ज वाढलं होतं, त्यात थोड्या मुदतीचंही होतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला आणि तेल महागलं. तेलाचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात. हे पाहून परदेशी बँका कर्जाची मुदत वाढवून देईनात. परदेशातले भारतीय इथल्या बँकांतल्या ठेवी काढू लागले. जून १९९१ मध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकी चलन उरलं.

शेतं पिकत होती, कारखाने चालू होते. तरी देश अडला, कारण देणं आजचं होतं, रोकड नव्हती आणि देणाऱ्यांचा विश्वास उडाला होता. मग देशानंही सोनं बाहेर काढलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. ते त्याच वर्षी सोडवलंही. पण रुपयाची किंमत उतरवावी लागली. अर्थसंकल्पात खत, साखर, स्वयंपाकाचा गॅस महागला. म्हणजे संकट दिल्ली-मुंबईत आलं, तरी त्याची झळ आपल्या चुलीपर्यंत पोचली.

मैत्रिणींनो, कर्ज घेणं वाईट नाही. पण दोन वर्षांनी दूध देणाऱ्या कालवडीसाठी सहा महिन्यांत फेडायचं कर्ज घेतलं, तर अडचण ठरलेलीच. म्हणून पेरणीआधीच्या बैठकीत तीन प्रश्न जरूर विचारा. गटाची सगळी बचत कर्जात वाटून टाकलीय, की अडीअडचणीला थोडी शिल्लक आहे? सगळ्यांची परतफेड एकाच महिन्यात येतेय का? आणि गटाचा, बँकेचा, कंपनीचा मिळून एकेकीवर किती हप्ते आहेत?

तिसऱ्या प्रश्नाला बायका गप्प बसतात, कारण लाज वाटते. पण बैठकीत वेळेवर सांगितलं, तर हप्ता पुढे ढकलता येतो. न सांगितलेलं कर्ज शेवटी गळ्यातल्या मंगळसूत्रावर येतं. तेव्हा विचारा, आणि सांगणारीला नावं ठेवू नका.