जुनी जीप आणि न वापरलेला गिअर

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं मला जिन्यात गाठलं. ‘सर, तत्त्वज्ञान शिकवलं जन्मभर, आणि ही खटारा जीप अजून चालवता. ती बंद कशी पडत नाही?’ पडते हो. पण आता कुठं आणि का पडेल, याचा अंदाज येतो.

माझी जीप एमएम ५४०, म्हणजे विलीजच्या घराण्यातलीच. इंजिन प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल, २११२ सीसी. नांदेड-लातूर रस्त्यावर ती रोज दोन चाकांवर पळते. चारही चाकांची ताकद लागते ती पावसाळ्यात, काळ्या रानात.

एकदा कंधारकडच्या एका गावातून आजारी वहिनीला रात्री नांदेडला आणायचं होतं. नाल्याच्या काठी चिखलात मागची चाकं नुसती फिरू लागली. मी फोर-व्हीलचा दांडा ओढला. हलेचना. तीन वर्षांत एकदाही लावला नव्हता, जाम झाला होता. गावातला ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास गेले. वहिनी वाचली, पण ते दोन तास मी विसरलेलो नाही. दोष मेकॅनिकचा नव्हता, माझाच.

तेव्हापासून महिन्यातून एकदा, मातीच्या किंवा ओल्या रस्त्यावर, फोर-व्हील लावून किलोमीटरभर जातो. कोरड्या डांबरावर लावायचा नाही बरं का. या जीपमध्ये लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी. मातीत चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो. डांबरावर घसरत नाही, मग सगळा ताण गिअर आणि क्रॉसवर येतो. म्हणूनच चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. मागं दोन नवे आणि पुढं दोन गुळगुळीत, ही आपली काटकसर शेवटी महागात पडते.

पाण्याचं एक सांगतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. लांबून पळून आलेलं हाऊसिंग तापलेलं असतं. ते एकदम ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढते. हाऊसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो. तो आपल्या काळ्या मातीनं बुजला असेल, तर सीलमधून पाणी आत येतं. मी त्याला रबरी नळी लावून तिचं तोंड वर, बॉडीच्या आत नेलं आहे. ओढा पार केल्यावर दुसऱ्या दिवशी गिअर ऑइल बघा. दुधाळ चहासारखं दिसलं, तर लगेच बदला. आणि बाहेर पडल्या पडल्या ब्रेक हलके दाबत चालवा, ड्रम वाळतात.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी मात्र घालू नका. आपल्याकडं कित्येक ठिकाणी ते इतकं जड असतं, की आत क्षार बसतो आणि मे महिन्यात गाडी उकळते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट वापरा. शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस द्यायलाही विसरू नका, चिखलातून आल्यावर तर नक्कीच. ही दहा मिनिटांची कामं आहेत, सांगण्यासारखं त्यात फार नाही.

आता थोडं माझ्या विषयाकडं येतो, रागावू नका. मिलिंद राजाला नागसेनानं विचारलं होतं, की तुझा रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? सगळ्याला उत्तर नाही. माझ्या जीपचं तसंच झालं आहे. क्लच बदलला, पाटे बदलले, इंजिनसुद्धा खोलून नवं केलं. मग जीप कुठं आहे? आरटीओचं उत्तर सोपं आहे, चेसिस नंबर! खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढं तपासणी करून ५-५ वर्षांची मिळते, आणि तिथं तो नंबर वाचता यायला हवा.

म्हणून जुनी जीप घेताना इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. इंजिन बांधता येतं. आडवे व्हा, खाली सरका आणि चेसिसवर, विशेषतः पाटे जिथं टांगलेले असतात तिथं, हातोडीनं हलकं ठोकून बघा. टणटण वाजलं तर बोलणी करा. बद्द आवाज आला आणि पापुद्रे पडले, तर चहा पिऊन परत या.